हॅकिंटॉश : घरी जोडलेला संगणक, अनधिकृत मॅक ओएस आणि दोष शोधण्याची वीस वर्षे

१/१५
सुटे भाग आणून घरी जोडलेला संगणक आणि त्यावर अ‍ॅपलची मॅक ओएस. या जोडीला अ‍ॅपलने कधीच मान्यता दिली नाही, तरीही २००५ पासून सुमारे वीस वर्षे जगभरातील हौशी मंडळींनी ती चालवून दाखवली. या प्रकाराला ‘हॅकिंटॉश’ असे नाव पडले. आजच्या धाग्यात त्याचा इतिहास पाहू. आणि तो मुख्यतः दुरुस्तीच्या अंगाने पाहू. यंत्र अडले की माणसे काय करीत, यातच या विषयाचे मर्म आहे.

२/१५
मॅकची प्रणाली इंटेलवर नेण्याची कल्पना जुनीच. १९९२ मध्ये अ‍ॅपल आणि नॉव्हेल यांनी ‘स्टार ट्रेक’ या सांकेतिक नावाने सिस्टिम ७ इंटेल प्रोसेसरवर आणण्याचा प्रयत्न केला; पुढे तो सोडून देण्यात आला. दुसरीकडे स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीची नेक्स्टस्टेप १९९३ पासून इंटेल संगणकांवर चालत होती. डिसेंबर १९९६ मध्ये अ‍ॅपलने नेक्स्टच्या खरेदीची घोषणा केली आणि मॅक ओएस टेन याच नेक्स्टस्टेपच्या पायावर उभी राहिली.

३/१५
परक्या यंत्रावर अधिकृत मॅक ओएस हाही प्रयोग होऊन गेला होता. १९९५ पासून पॉवर कम्प्युटिंगसारख्या कंपन्या अ‍ॅपलच्या परवान्याने मॅकसारखे संगणक विकत होत्या. त्यांनी अ‍ॅपलचेच गिऱ्हाईक तोडले. १९९७ मध्ये परतलेल्या जॉब्स यांनी ही योजना गुंडाळली आणि पॉवर कम्प्युटिंगची प्रमुख मालमत्ता १० कोटी डॉलर मूल्याच्या समभागांच्या बदल्यात घेतली. यंत्र आणि प्रणाली एकाच हाती, हे धोरण तेव्हापासून पक्के झाले.

४/१५
६ जून २००५. जॉब्स यांनी मॅक इंटेल प्रोसेसरवर नेण्याची घोषणा केली आणि मॅक ओएस टेनची प्रत्येक आवृत्ती आतापर्यंत गुपचूप इंटेलसाठीही तयार होत होती, हेही सांगून टाकले. विकासकांना ९९९ डॉलरमध्ये पेन्टियम ४ बसवलेला एक संगणक, पुढे परत करण्याच्या अटीवर, देण्यात आला. आतले भाग बहुतांशी बाजारात मिळणारेच होते. त्यावरील प्रणालीची प्रत थोड्याच काळात बाहेर फुटली. हॅकिंटॉशचा जन्म इथला.

५/१५
इथे एक रूढ गैरसमज दूर करायला हवा. ‘अ‍ॅपलने टीपीएम नावाच्या सुरक्षा-चिपने मॅक ओएसला कुलूप लावले होते,’ असे आजही लिहिले जाते. सुरुवातीच्या इंटेल मॅकमध्ये ही चिप होती, हे खरे. परंतु ‘मॅक ओएस एक्स इंटर्नल्स’ या ग्रंथाचे लेखक अमित सिंग यांनी २००६ मध्येच दाखवून दिले की अ‍ॅपल तिचा असा वापर करीत नव्हते. फाइंडर, डॉक असे मोजके प्रोग्राम कूटबद्ध होते आणि ते उलगडण्याची किल्ली एसएमसी या दुसऱ्याच चिपमध्ये होती. पंखे आणि तापमान सांभाळणारी ती चिप!

६/१५
म्हणून हॅकिंटॉशला पहिली गरज होती ती खोट्या एसएमसीची. फेकएसएमसी आणि पुढे व्हर्च्युअलएसएमसी हे ड्रायव्हर हेच काम करीत. दुसरी अडचण अशी : इंटेल मॅक सुरू होताना ईएफआय वापरत, तर तेव्हाचे घरगुती संगणक जुन्या बायोसवर चालत. २००८ च्या सुमारास आलेल्या ‘बूट-१३२’ या बूटलोडरने ईएफआयचे सोंग वठवले. मॅक ओएसचे कर्नल अ‍ॅपलने मुक्त स्रोत म्हणून प्रसिद्ध केले होते; त्याचा अभ्यास करता आल्यामुळेच हे शक्य झाले.

७/१५
तोवरचा काळ ठिगळांचा होता. जास, कॅलीवे, आयएटीकेओएस या नावांनी आधीच बदल केलेल्या प्रती फिरत. त्यांत प्रणालीच्या मूळ फायलीच बदललेल्या असत. त्यामुळे अ‍ॅपलचे छोटेसे अद्यतन आले तरी ठिगळ पुसले जाई आणि संगणक सुरूच होत नसे. कोणी काय बदलले याची नोंद नाही. मग दोष शोधायचा तरी कुठे? बूट-१३२ नंतर दुकानातून घेतलेली, हात न लावलेली डीव्हीडी वापरता येऊ लागली. बदल प्रणालीच्या बाहेर, बूटलोडरमध्ये ठेवायचे, हा विचार इथून रुजला.

८/१५
आता प्रत्यक्ष दोषशोध. संगणक अडला की पडद्यावर करडे सफरचंद किंवा ‘प्रवेश बंद’चे वर्तुळ दिसे. त्यातून काहीच कळत नसे. म्हणून पहिला नियम ठरला : ‘व्हर्बोज’ पद्धतीने सुरू करा. मग चित्राऐवजी कर्नल करीत असलेल्या प्रत्येक कामाची ओळ उमटे. नवखे लोक शेवटच्या ओळीचे छायाचित्र काढून तिलाच दोष देत. परंतु शेवटची ओळ बहुधा फक्त शेवटी यशस्वी झालेले काम सांगते. घोटाळा तिच्यानंतरच्या, न उमटलेल्या कामात असतो. साधनात काय लिहिले आहे याइतकेच काय लिहिलेले नाही हेही वाचावे लागते, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीची गोष्ट आहे.

९/१५
सर्वांत प्रसिद्ध संदेश होता ‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’, म्हणजे प्रणाली असलेली डिस्क सापडत नाही. वापरणारा चक्रावून जाई : ‘याच डिस्कवरून तर कर्नल आत्ता वाचले गेले!’ उत्तर असे की, तोवर डिस्क वाचण्याचे काम बायोसच्या मदतीने बूटलोडर करीत होता. सूत्रे कर्नलच्या हाती येताच त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर समोरची डिस्कही दिसेनाशी होते. अनेकदा उपाय एका ओळीचा असे : बायोसमध्ये जाऊन साटा कंट्रोलर ‘आयडीई’वरून ‘एएचसीआय’वर आणणे.

१०/१५
दुसरे उदाहरण स्नो लेपर्डच्या, म्हणजे २००९ च्या सुमाराचे. काही मदरबोर्डांवर मॅक ओएस चालवून संगणक पुन्हा सुरू केला की बायोसची सारी मांडणी पुसली जाई. लोकांनी बोर्डावरची बॅटरी बदलून पाहिली; फरक पडला नाही. दोष होता एसीपीआय या हार्डवेअरच्या वर्णन-तक्त्यात. त्यात घड्याळाच्या चिपसाठी दिलेला पत्त्यांचा पल्ला मॅक ओएसच्या अपेक्षेपेक्षा मोठा होता आणि त्यामुळे नको तिथे लिहिले जाई. तो आकडा कमी करून २ केला की त्रास थांबे. एका आकड्याची दुरुस्ती. पण तिथे पोहोचण्यासाठी कोणीतरी तो संपूर्ण तक्ता वाचला होता.

११/१५
याच काळात प्रकरण न्यायालयात गेले. फ्लोरिडातील सायस्टार कंपनीने एप्रिल २००८ मध्ये मॅक ओएस घातलेले संगणक विकायला काढले. जुलैमध्ये अ‍ॅपलने दावा ठोकला. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचा निकाल दिला आणि डिसेंबरमध्ये कायमचा मनाई हुकूम निघाला. २०११ मध्ये अपील न्यायालयानेही तो उचलून धरला. अ‍ॅपलच्या परवान्यात घरगुती हॅकिंटॉशही बसत नव्हताच. पण अ‍ॅपलने न्यायालयात खेचले ते धंदा करणाऱ्याला.

१२/१५
२०१५ मध्ये एल कॅपिटन आली आणि अनेकांचे यूएसबी पोर्ट मेले. कारण विचित्र होते : नव्या रचनेत एका कंट्रोलरला फक्त १५ पोर्टची मर्यादा. यूएसबी ३ चे एक भोक दोन पोर्ट धरले जाते, कारण यूएसबी २ आणि ३ च्या वाहिन्या वेगळ्या मोजल्या जातात. अ‍ॅपलच्या यंत्रांत मोजकीच भोके, म्हणून तिथे कोणाला जाणवले नाही. घरगुती संगणकवाल्याने मात्र कागद घेऊन बसायचे, प्रत्येक भोकात एक जुना व एक नवा पेनड्राइव्ह लावून नोंद करायची आणि कोणते १५ ठेवायचे ते ठरवायचे. मगच यूएसबी धड चालत. पुष्कळांचा नीट न झोपणारा संगणकही यानेच वठणीवर आला.

१३/१५
२०२० मध्ये बिग सरने प्रणालीच्या विभागावर कूट-मोहोर लावली. मूळ फाइल बदलली की मोहोर तुटे. ठिगळांचा जुना मार्ग त्यामुळे जवळजवळ बंद झाला. बदल बाहेर ठेवणारा ओपनकोर हा बूटलोडर मात्र टिकला. त्याच्या जाणकारांचा आग्रह असे : दुसऱ्याचे तयार ईएफआय फोल्डर उचलू नका, आपल्या यंत्रासाठी स्वतः लिहा. उसने फोल्डर चाललेच तरी ते का चालते हे कळत नाही, आणि बंद पडले की का पडले हेही कळत नाही. एका वेळी एकच बदल करा आणि चालू स्थितीची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, हे उरलेले दोन नियम.

१४/१५
शेवट मात्र ठरून गेला होता. २२ जून २०२० रोजी अ‍ॅपलने स्वतःच्या प्रोसेसरची घोषणा केली. नोव्हेंबरमध्ये एम१ आला. जून २०२५ मध्ये अ‍ॅपलने सांगितले की मॅक ओएस २६, म्हणजेच ताहो, ही इंटेल मॅकना चालणारी शेवटची प्रमुख आवृत्ती. जी दारे वीस वर्षे कुलपांनी बंद झाली नाहीत, ती प्रोसेसर बदलल्याने बंद होत आहेत. दुकानात मिळणाऱ्या सुट्या भागांतून अ‍ॅपलचा प्रोसेसर जोडता येत नाही.

१५/१५
मग उरते काय? अ‍ॅपलच्या दप्तरात हा इतिहास सापडणार नाही, कारण त्याच्या लेखी हे संगणक नव्हतेच. तो आहे तो हजारो लोकांच्या टिपणांत, बदललेल्या तक्त्यांत आणि पडद्याच्या धूसर छायाचित्रांत. हीच साधने सर्वांत आधी नष्ट होतात. विकत घेतलेले यंत्र आतून समजून घेण्याची धडपड सामान्य माणसाने कशी केली, याचा पुरावा त्यांत आहे. आपल्यापैकी कोणी कधी हॅकिंटॉश जोडला असेल, तर जुने फोल्डर पुसण्याआधी एक करा : कोणता मदरबोर्ड, कोणती आवृत्ती, काय अडले, कशाने सुटले, एवढ्या चार ओळी तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या अभ्यासकासाठी तेच अस्सल कागद ठरतील.