रमलात का?

ठाण्यातल्या बाळकुममधल्या नव्या टॉवरांत राहायला आलेल्या माणसाच्या तोंडी पहिली दोन-तीन वर्षं एक शब्द हमखास असतो : भोगवटा. भोगवटा प्रमाणपत्र आलं का, कुठं अडलंय, पाण्याची जोडणी त्याशिवाय मिळेल का. गावठाणातल्या जुन्या घरांनाही हा शब्द परका नाही, त्यांच्या शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर तो ‘भोगवटादार’ म्हणून छापलेला असतो. अशीच सोसायटीची एक नोटीस माझ्या टेबलावर पडली होती. माझ्या मानसशास्त्र शिकणाऱ्या भाचीनं तिच्यावरच आपली प्रश्नावली ठेवली आणि म्हणाली, “मावशी, ‘प्लेझर’ला मी संभोगसुख लिहिलंय. पण बायका हा शब्द वाचून कागद उलटा ठेवतात.”

खालच्या कागदावर भोगवटा, वरच्यावर संभोग. धातू एकच, ‘भुज्’ : खाणं, अनुभवणं, उपभोग घेणं. देवापुढचा नैवेद्य तो भोग, जमिनीचा ताबा तो भोगवटा आणि आजीनं कपाळाला हात लावून म्हटलेलं “माझे भोग संपत नाहीत” तेही याच घरातलं. मराठीत हा शब्द सुखाचा कमी आणि सोसण्याचा जास्त झाला. ‘संभोग’मधला ‘सम्’ खरं तर ‘एकत्र’ असं सांगतो. तरी आपण ‘बळजबरीने संभोग’ असं बिनदिक्कत लिहितो, छापतो. ज्यात दुसऱ्याचा सहभागच नाही, त्याला हा शब्द लावताना कुणाची जीभ अडखळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. बायका कागद उलटा ठेवतात त्याचं कारण नुसती लाज नसावी.

मग नुसतं ‘सुख’? पण आपलं सुख म्हणजे ‘सुखरूप पोहोचलो’मधलं सुख. सुखी आहेस ना, असं विचारलं की उत्तर येतं, “तसा काही त्रास नाही.” त्रास नसणं आणि सुख असणं यांतलं अंतर भाषेनं बुजवून टाकलंय.

संशोधकांनीही ते फारसं उघडं ठेवलेलं नाही. अमेरिकेत अल्फ्रेड किन्से यांनी 1948 आणि 1953च्या अहवालांत कामतृप्तीचे प्रसंग मोजले. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी 1966च्या ग्रंथात नाडी, श्वास, स्नायूंचं आकुंचन मोजलं. स्त्रियांसाठी जगभर वापरली जाणारी 19 प्रश्नांची प्रश्नावली 2000 साली आली. तिचे सहा विभाग आहेत : इच्छा, उत्तेजना, ओलावा, परमोच्च क्षण, समाधान आणि वेदना. वेदनेला स्वतंत्र विभाग आहे, आनंदाला नाही. भाचीनं हे माझ्यापुढं बोट ठेवून मोजून दाखवलं.

‘समाधान’ आहे की, असं कुणी म्हणेल. पण समाधान अपेक्षेवर ठरतं. जिनं काही मागितलंच नाही, ती पाचपैकी पाच गुण देईल.

‘लैंगिक’ या शब्दापाशी तर मी बराच वेळ थांबले. ‘लिंग’ म्हणजे मुळात खूण. धूर हे अग्नीचं लिंग. वैशेषिक दर्शनात ‘लैंगिक’ ज्ञान म्हणजे खुणेवरून केलेलं अनुमान. प्रयोगशाळेत नेमकं हेच चालतं : रक्तप्रवाह मोजायचा आणि त्यावरून आतल्या अनुभवाचा अंदाज बांधायचा. मेरेडिथ चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 2010 साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. शरीराची उत्तेजना आणि व्यक्तीनं स्वतः सांगितलेली उत्तेजना यांचा मेळ पुरुषांत 0.66 निघाला, स्त्रियांत 0.26. धूर दिसतो म्हणून अग्नी गृहीत धरावा, तर बाईच्या बाबतीत तो असेलच असं नाही. तिलाच विचारायला हवं.

हा पेच जुना आहे. कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणात रताची, म्हणजे समागमाची, प्रतवारी प्रमाण, काल आणि भाव या तिन्हींनी लावली आहे, आणि तिथंच स्त्रीच्या सुखावर वाद रंगतो. औद्दालकी या आचार्याचं मत मांडताना शंका येते : पुरुषाला स्त्रीचा अनुभव कळत नाही, आणि तुझं सुख कसं आहे हे विचारणंही अशक्य, मग जाणायचं कसं? वात्स्यायन शेवटी दोघांच्या सुखाचं साम्य मान्य करतो. पण त्या सगळ्या चर्चेत स्त्रीला कुणी विचारत नाही.

मराठीत हा प्रश्न उघडपणे विचारला आणि ऐकून घेतला तो र. धों. कर्व्यांनी. 1927 साली सुरू झालेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ते वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत, आणि स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे असं निःसंकोच लिहीत. त्या उत्तरांपायीच 1934 साली खटला झाला. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले, तरी खटला हरले. मासिक मात्र 1953मध्ये कर्वे गेले तोपर्यंत चालू होतं. मला ती पत्रं म्हणजे मराठीतली पहिली प्रश्नावली वाटते, फक्त तिथं प्रश्न वाचकांनी लिहिले होते.

“मग शब्द कोणता लिहू?” भाचीनं पुन्हा विचारलं.

मला ‘रती’ आठवली. धातू ‘रम्’ : थांबणं, विसावणं, आनंदणं. ‘विराम’ त्याच धातूचा. ‘रती’ आज पुस्तकी वाटते, पण ‘रमणं’ घरोघरी आहे. मूल खेळण्यात रमतं, नवी सून माहेरी रमते आणि सासरी रमायला वेळ घेते. या क्रियापदात ताबा नाही, सोसणं नाही. आणि कुणी रमलं की नाही हे दुसरा सांगू शकत नाही, रमलेल्यानंच सांगावं लागतं.

तिनं ‘संभोगसुख’वर काट मारली आणि पेन्सिलीनं लिहिलं : ‘त्या वेळी तुम्ही रमलात का? कधी रमलात, कधी नाही?’ खाली एक ते पाचचे चौकोन छापलेले होते. तेही तिनं खोडले आणि तीन ओळी कोऱ्या सोडल्या. मग कागद माझ्याकडं वळवून म्हणाली, “आधी तू लिही.”

मी चष्मा लावला आणि पेन्सिल घेतली.