गरोदरपणातली साखर: उपासापासून शतपावलीपर्यंत

बर्लिनच्या इस्पितळात १८२३ साली २२ वर्षांची एक गरोदर बाई दाखल झाली. पाचवी खेप. तहान काही केल्या भागत नव्हती, लघवी सारखी होत होती आणि तीही गोड. बाळ जन्मलं ते १२ पौंडांचं, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. पण ते वाचलं नाही. बाळंतपणानंतर आईच्या लघवीतली साखर नाहीशी झाली. हाइनरिश बेनेविट्झ यांनी १८२४ साली आपल्या प्रबंधात ही हकिगत लिहिली आणि हा मधुमेह गरोदरपणाचंच लक्षण असल्याचं मत मांडलं. वारेतल्या संप्रेरकांपुढे आईच्या इन्सुलिनचा जोर कमी पडतो, हे कळायला पुढे शतकाहून जास्त काळ गेला.

इन्सुलिनचं औषध येईपर्यंत डॉक्टरांच्या हाती फक्त आहार होता, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा अर्थ झाला उपासमार. न्यूयॉर्कचे फ्रेडरिक अ‍ॅलन मधुमेही रुग्णाला लघवीतली साखर जाईपर्यंत उपाशी ठेवत. पोटात बाळ असलेल्या बाईसाठी ही वाट किती बिकट, हे सांगायला नको. १९२२ साली टोरांटोत इन्सुलिन पहिल्यांदा रुग्णाला टोचलं गेलं आणि मधुमेही बाईला पोटभर जेवून बाळंत होण्याची आशा मिळाली.

व्यायामावरचा विश्वास मात्र फार उशिरा आला. चालल्या-फिरल्याने कळा लवकर सुरू होतील, ही भीती डॉक्टरांनाही होती. १९८५ साली अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने गरोदर बाईच्या नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ नयेत, असं बजावलं. मग १९८९ मध्ये लोइस योव्हानोविच यांच्या गटाने युक्ती केली: पाय स्थिर ठेवून हातांनी पायडल फिरवायचं. गरोदरपणातला मधुमेह असलेल्या १९ जणींपैकी काहींना नुसता आहार, बाकीच्यांना आहाराबरोबर आठवड्यातून तीनदा २० मिनिटं हा व्यायाम. सहा आठवड्यांत व्यायाम करणाऱ्यांची साखर आटोक्यात आली. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. जेवणानंतरच्या शतपावलीचं बळ इथेच आहे.

मुख्यतः ऑस्ट्रेलियात १००० बायकांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने उपचारांचं मोल आकड्यांत दाखवलं. आहाराचा सल्ला, साखरेची नियमित तपासणी आणि लागलंच तर इन्सुलिन, एवढ्याने बाळांमधली गंभीर गुंतागुंत ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आली.

हे सगळं महाराष्ट्रात जसंच्या तसं उचलता येत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून आयांचा आहार आणि बाळांची वाढ तपासली. बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आत, दिसायला किडकिडीत. पण कातडीखालची चरबी मात्र टिकून. शेतात राबून, पाणी वाहून थकलेल्या आईच्या बाळाचं वजन कमी भरत होतं, तर पालेभाज्या, फळं आणि दूध खाणाऱ्या आयांची बाळं भरलेली होती. अशा बाईला ‘व्यायाम कर, कमी खा’ सांगणं अन्यायाचं ठरेल. तिला विसावा हवा आणि ताटात डाळ, उसळ, भाजी.

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. उपाशीपोटीच यायची अट नाही. साखर १४० किंवा वर निघाली, तर आधी दोन आठवडे आहार आणि व्यायाम. त्यानंतरही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली आली नाही, तरच औषध सुरू होतं.