आठ डॉलर, दोन सह्या आणि एक ओटीपी

मंडळी, गेल्या वर्षी हापिसाने मला चार महिन्यांसाठी म्युनिकला धाडलं. मी तयारी अगदी इंजिनियरी थाटात केली होती. एक्सेल शीट, तिच्यात सतरा रकाने. थेपले किती, लसणाची चटणी किती, अडॅप्टर कुठल्या पिनचा... पैशांच्या रकान्यात मात्र एकच शब्द: "कार्ड".

व्हायचं तेच झालं. रविवारी रात्री साडेनऊला हॉटेलात पोचलो. रिसेप्शनवरच्या बाईंनी कार्ड मशीनला लावलं, डिक्लाइन. परत लावलं, परत डिक्लाइन. विमानतळावर कॉफी, मग ट्रेनचं तिकीट आणि आता एकदम चार आकडी डिपॉझिट, एवढं सगळं एका संध्याकाळी बघून बँकेच्या कुठल्याशा प्रोग्रॅमला माझा संशय आला आणि त्याने कार्ड बंद करून टाकलं. ते उघडायला ओटीपी हवा. ओटीपी येणार भारतातल्या नंबरवर. आणि ते सिम पुण्यात, टेबलाच्या खणात! "रोमिंगला कशाला पैसे घालवा" म्हणून मीच काढून ठेवलेलं. खिशात पन्नास युरोची एक नोट.

हॉटेलच्या वायफायवरून घरी फोन लावला. तिकडे रात्रीचा एक. आईने ते सिम शोधून बाबांच्या फोनमध्ये घातलं, आलेला ओटीपी मोठ्यांदा वाचून दाखवला आणि वर विचारलं, "हे कुणाला सांगायचं नसतं ना रे?"

दुसऱ्या दिवशी न्यू जर्सीच्या मामाला हे रडगाणं ऐकवलं. तो हसतच सुटला. "अरे, पन्नास युरो होते ना तुझ्याकडे? मी आठ डॉलरवर उतरलो होतो."

हे आठ डॉलर आमच्या घरात दर दिवाळीला निघतात, त्यामुळे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. या वेळी दिलं. मामा १९७० साली एम.एस. करायला गेला. तेव्हा डॉलरचा भाव साडेसात रुपये (१९६६च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन होण्याआधी तो पावणेपाचच्या आसपास होता). म्हणजे आठ डॉलर म्हणजे साठ रुपये. आजोबांची ऐपत साठ रुपयांची होती असं नाही. त्यांनी घराचा एक मजला गहाण ठेवून तिकीट काढलं होतं. पण तिकिटाच्या आधी रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' मंजूर व्हायला लागायचा आणि परकीय चलन किती मिळणार हे सरकार ठरवायचं. दिलेल्या रकमेची नोंद पासपोर्टावर व्हायची. पैसे होते, परवानगी नव्हती.

ही भानगड सुरू झाली ३ सप्टेंबर १९३९ला, ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरलं त्याच दिवशी. डॉलर युद्धासाठी वाचवायचे म्हणून ब्रिटिश सरकारने भारतात विनिमय नियंत्रण आणलं. युद्ध १९४५ला संपलं, नियंत्रण नाही संपलं! १९४७ला त्याचा कायदा झाला आणि १९७३ला त्या कायद्याचा जास्त कडक अवतार, म्हणजे 'फेरा', आला. युद्धकाळातली तात्पुरती सोय म्हणजे आमच्या कोडमधल्या 'टेम्पररी फिक्स'सारखी. लिहिणारा सोडून जातो, फिक्स राहतो.

मग ही मंडळी जगायची कशी? मामाला विमानतळावर घ्यायला विद्यापीठातला एक सीनियर आला होता. त्याने पहिल्या महिन्याला दोनशे डॉलर उसने दिले. चिठ्ठी नाही, सही नाही. दादरच्या कुठल्या शाळेतला, कुणाचा कोण, एवढी चौकशी पुरली. हळूहळू "तिकडे माझ्या वडलांना रुपये द्या, इकडे मी डॉलर देतो" असंही चालायचं. कायद्याने हा गुन्हा होता. मामा ही गोष्ट अजूनही आवाज खाली करून सांगतो.

आता गंमत बघा. ओळखीच्या जोरावर परमुलखात पैसे मिळवणं ही आपल्याकडची फार जुनी विद्या. सावकाराची हुंडी घेऊन माणूस शेकडो कोस जायचा आणि तिकडच्या पेढीवर रोकड घ्यायचा. दाखवल्याबरोबर पैसे द्यायची ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी द्यायची ती मुदती. 'शहाजोग' हुंडीचे पैसे बाजारातल्या पतदार माणसालाच मिळत, त्यामुळे चोराला तिचा उपयोग नसे. हुंडी हरवली तर दुसरी प्रत मिळायची, तिला 'पेठ' म्हणत. तीही हरवली तर 'परपेठ'! माझ्या बँकेला हरवलेलं कार्ड परदेशात बदलून द्यायला किती दिवस लागतात ते विचारू नका. असो.

युरोपात १७७२ साली लंडनच्या रॉबर्ट हेरीज यांनी प्रवाशांसाठी 'सर्क्युलर नोट' काढली. ती वेगवेगळ्या शहरांतल्या ठरलेल्या पेढ्यांवर वटायची. तिच्याबरोबर एक वेगळं पत्र असे, त्यात प्रवाशाच्या सहीचा नमुना. नोटा एका खिशात, पत्र दुसऱ्या. ज्याला आपण आज टू-फॅक्टर म्हणून मिरवतो ते हेच ना? थॉमस कुकने १८७४मध्ये आपल्या सर्क्युलर नोटा काढल्या आणि १८८१मध्ये मुंबईत ऑफिसही थाटलं.

पुढची पायरी मला सर्वांत आवडते. अमेरिकन एक्सप्रेसचे अध्यक्ष जे. सी. फार्गो १८९०च्या सुमारास युरोपात फिरायला गेले. खिशात बँकेचं पतपत्र होतं, पण मोठी शहरं सोडली तर त्याला कोणी विचारेना. एवढा मोठा साहेब गावोगाव पैशासाठी ताटकळला! परत आल्यावर त्यांनी मार्सेलस बेरी नावाच्या आपल्या माणसाला कामाला लावलं आणि १८९१मध्ये ट्रॅव्हलर्स चेक जन्मला. युक्ती एवढीच: विकत घेताना एक सही करायची, वटवताना समोरच्याच्या देखत दुसरी. सहीचा नमुना चेकवरच! वटवणाऱ्याने तुम्हाला ओळखायची गरजच उरली नाही, फक्त दोन सह्या जुळल्या पाहिजेत. कंपनीचा फायदाही सोपा: तुम्ही पैसे आज देणार, चेक वटणार महिन्याने, मधल्या काळात ते पैसे कंपनी वापरणार.

तुमच्यातल्या तिशीखालच्यांनी हा चेक बघितलाही नसेल. मी २००६ला पहिल्यांदा ऑनसाइट गेलो तेव्हा माझ्याकडे त्याचं बंडल होतं. फोर्टमधल्या काउंटरवर बसून एकेकावर सही करताना हात दुखला होता आणि शेवटच्या सह्या इतक्या भरकटल्या की परदेशातल्या दुकानात मॅनेजरला बोलावावं लागलं. कार्ड आणि एटीएम गावोगाव पोचल्यावर या चेकांचे दिवस भरले.

मामाच्या आठ डॉलरचं पुढे काय झालं? १९९१मध्ये परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. म्हणजे देशाचंच कार्ड डिक्लाइन झालं म्हणा ना. त्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं तारण म्हणून देशाबाहेर पाठवावं लागलं. आजोबांनी मजला गहाण ठेवला होता, इथे सरकारने सोनं. त्यानंतर मात्र दारं उघडत गेली. १९९३ला बाजारभावाचा एकच विनिमय दर आला, जून २०००पासून 'फेरा'च्या जागी 'फेमा' लागू झाला, २००४ला माणशी वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवायची मुभा मिळाली आणि २०१५मध्ये ती २,५०,०००वर गेली. परवानगीची सवय तरी पुरती सुटलेली नाही. मे २०२३मध्ये परदेशात क्रेडिट कार्डाने केलेला खर्चही या मर्यादेत मोजायचा आदेश निघाला. ओरड झाली आणि दीड महिन्यात अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. आणि ऑक्टोबर २०२०पासून नवीन कार्ड परदेशासाठी बंदच येतं, ते आपण ॲपमध्ये जाऊन चालू करायचं. हा नियम मला पटतो. निदान बटण माझ्या हातात आहे.

माझी एक्सेल शीट आता सुधारलीय. दोन वेगळ्या बँकांची, दोन वेगळ्या नेटवर्कची कार्डं, वेगवेगळ्या पिशव्यांत, हेरीजसाहेबांच्या नोटा आणि पत्रासारखी. सिम फोनमध्येच, रोमिंग चालू. रोजच्या खर्चाला प्रीपेड फॉरेक्स कार्ड, पण डिपॉझिटला ते सगळीकडे घेत नाहीत, म्हणून एक क्रेडिट कार्ड मोकळं ठेवायचं. मशीनने "रुपयांत देणार की युरोत?" असं लाडाने विचारलं की युरो. रुपयांत बिल बघून बरं वाटतं, पण त्या बरं वाटण्याचे पैसे वरच्या दरात कापलेले असतात.

त्या रात्रीनंतर आठवड्याने बँकेचा फोन आला. अर्थातच पुण्याच्या नंबरवर. म्युनिकच्या हॉटेलातला व्यवहार खरा आहे का, कार्डधारक प्रवासात आहेत का? फोन आईने घेतला. "हो, माझाच मुलगा आहे तो," तिने ठणकावून सांगितलं, "आणि थेपलेसुद्धा मीच दिलेत बरोबर."