चार आण्याची कोंबडी

सोलापूरकरांना वालचंद हिराचंद हे नाव बहुतेक वेळा कॉलेजच्या बोर्डावर भेटतं. अशोक चौकातून जाता-येता मीही ते हजारदा वाचलं असेल. १८८२ साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस. त्यांनी जहाजं बांधली, विमानांचा कारखाना काढला, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या जोडून बाहेर पडायला लागल्या. म्हणजे आपल्याकडच्या 'सेकंडहँड लक्झरी गाडी' या दुखण्याची एक मुळी थेट सोलापूरपर्यंत जाते!

कुर्ल्याच्या त्या गाड्या म्हणजे डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट. खरं तर एकच गाडी, फक्त नाक आणि नाव वेगळं. सहा सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, सोफ्यासारख्या सीट्स. त्या काळी ज्याच्या दारात अशी गाडी, तो मोठा माणूस. पण मोठा माणूस ती कधीतरी विकतो आणि मधला माणूस ती विकत घेतो. खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

कारण मधल्या काळात सरकारचं धोरण बदललं होतं. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर नुसत्या जोडणीचे कारखाने चालवणं अवघड झालं. मुंबईत १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. परकीय चलनाची टंचाई, आयातीवर बंधनं. आता तुमच्या अमेरिकन गाडीचा एखादा गिअर तुटला तर काय करायचं? गाडी स्वस्त झाली होती, गिअर नव्हता.

यावर आपल्या मेस्त्री लोकांनी जो उपाय काढला तो मला एखाद्या डिझाइन पॅटर्नइतका आवडतो. मद्रासची सिम्प्सन कंपनी पर्किन्सची डिझेल इंजिनं बनवत होती, आणि प्रीमियरच्याच डॉज-फार्गो ट्रकमध्ये ती बसायची. ट्रकचा पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतो. मग जुन्या अमेरिकन गाडीचं पेट्रोल इंजिन उतरवायचं आणि डिझेल चढवायचं! वरून महाराजा, आतून ट्रक. इंटरफेस तोच, इम्प्लिमेंटेशन बदललं. (आवाज आणि धूर हे साइड इफेक्ट.) अशा गाड्या पुढे कितीतरी वर्षं टॅक्सी म्हणून धावल्या.

हे सगळं आठवायचं कारण असं की, माझा सोलापूरचा एक मित्र सध्या २०११ सालच्या बीएमडब्ल्यू ३२० डी वर भाळलाय. मागणी चार लाख. "अरे, एवढ्यात नवीन छोटी हॅचबॅक येते, आणि इथे बीएमडब्ल्यू!" हे त्याचं लॉजिक. यातलं 'स्वस्त' हे फक्त गाडीबद्दल खरं आहे. चाळीस लाखांची गाडी चार लाखांना मिळाली तरी तिचा गिअरबॉक्स चाळीस लाखांच्या गाडीचाच असतो. पार्टला डेप्रिसिएशन माहीत नसतं.

अर्थात प्रत्येक मोठी गाडी बुडवतेच असं नाही, आणि इथेच इतिहास कामाला येतो. ऐंशीच्या दशकात तीन 'लक्झरी' गाड्या जवळपास एकदम आल्या. मद्रासची स्टँडर्ड २००० दिसायला रोव्हरची एसडी१, पण आत व्हॅनगार्डच्या जमान्यातलं १९९१ सीसीचं इंजिन. पेट्रोल पिण्यात पटाईत. १९८५ ला आली, १९८८ पर्यंत संपली. गाड्याच थोड्या, त्यामुळे पार्ट बनवणारे आणि ठेवणारेही थोडे. ज्यांनी ती जुनी घेतली त्यांनी हत्ती पोसला. दुसरी काँटेसा. बॉडी व्हॉक्सहॉलची, पण सुरुवातीचं इंजिन अँबॅसेडरचं. अंडरपॉवर्ड म्हणून लोक हसायचे, पण दुरुस्तीला हेच वरदान! अँबॅसेडरचा फिटर गावोगावी होता. तिसरी प्रीमियरचीच ११८ एनई, फियाट १२४ च्या अंगात निस्सानचं इंजिन. साधं, न कुरकुरणारं. मला विचाराल तर तिघींत रस्त्यावरची राणी स्टँडर्ड, पण घरी आणण्यासारखी ११८ एनई.

मग १९९५ मध्ये पुण्याजवळ मर्सिडीज बनायला लागली, टेल्कोबरोबर भागीदारीत. पहिलं मॉडेल डब्ल्यू१२४, ई २२० वगैरे. ही गाडी म्हणजे दगड, असं सगळे म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण या मालिकेच्या साधारण १९९३ ते ९५ च्या पेट्रोल इंजिनांमध्ये वायरिंगला जे आवरण होतं, ते उष्णतेने ठिसूळ होऊन पापडासारखं तुटायचं. वायर वायरला लागली की गाडी आधी अडखळते, आणि नशीब वाईट असेल तर इंजिनाचा कॉम्प्युटर जातो. अख्खं हार्नेस बदलणं हाच उपाय. दुसरं म्हणजे एसीचा इव्हॅपोरेटर. तो लीक झाला तर पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणजे पार्टपेक्षा मजुरी जड. आणि सोलापुरात बेचाळीस डिग्रीला एसी नसलेली मर्सिडीज म्हणजे काळ्या लेदरचा तवा.

आता मित्राची बीएमडब्ल्यू. तिचं एन४७ डिझेल इंजिन ताकदीला उत्तम, पण त्याची टायमिंग चेन पुढे नाही, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन आणि गाइड झिजले, की तिथे पोचायलाच इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. वेळेत लक्ष दिलं नाही आणि चेन तुटली तर इंजिनच गेलं. चेनच्या कामाचं मी पुण्यात दोन-तीन ठिकाणी विचारलं, लाखाच्या खाली कुणी बोललं नाही. थोडक्यात, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

बाकीच्यांचंही तेच. एअर सस्पेन्शनवाल्या मर्सिडीजमध्ये रबरी बेलोला बारीक चीर जाते, हवा गळत राहते, ती भरून काढता काढता कॉम्प्रेसर जळतो. पाच-सात हजारांचा कंटाळा केला की बिलाला शून्य वाढतं. सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीवाल्या जुन्या स्कोडा सुपर्बमध्ये मेकॅट्रॉनिक युनिट हा दुखरा भाग. फोक्सवॅगन समूहाने २०१३ मध्ये जगभर या गिअरबॉक्सच्या लाखो गाड्या तेल बदलण्यासाठी परत बोलावल्या होत्या. घेण्याआधी ते काम झालंय का, हे चेसिस नंबरवरून विचारता येतं.

यात आपल्या गावाची भर वेगळीच. उन्हाने रबर आणि प्लॅस्टिक लवकर म्हातारं होतं. शिवाय आधीच्या मालकाने रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतलेलं असण्याची दाट शक्यता! त्या पाण्याने आत क्षार साचतात, गाडी तापायला लागते, आणि पुढे हेड गॅस्केट. टाकीचं झाकण उघडून कूलंटचा रंग बघायला पैसे पडत नाहीत. आणि जे काम इथे होणार नाही त्यासाठी गाडी टो करून पुण्याला न्यायची, अडीचशे किलोमीटर.

मित्राला एवढंच कळवलंय: सकाळी गार इंजिन असताना जा. मालकाने आधीच गाडी सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. स्टार्ट केल्यावर मागच्या बाजूने साखळी घासल्यासारखा आवाज येतो का ते ऐक. चेनच्या कामाचं बिल माग. नुसतं तोंडी "झालंय" चालणार नाही. पंधरा वर्षांनंतरचं फिटनेस, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर हे वेगळे धर. आणि चार लाख गाडीला देणार असशील तर अजून दोन लाख बँकेत बाजूला ठेव. ते नसतील तर बघायलाही जाऊ नकोस, कारण ती गाडी दिसायला फार सुंदर आहे.