आदर्श वजन : एका तक्त्याचा इतिहास

धुळ्या-जळगावातल्या कितीतरी दवाखान्यांच्या भिंतींवर एक तक्ता टांगलेला असे. काही ठिकाणी तो अजूनही आहे. डाव्या रकान्यात उंची, उजव्या रकान्यांत पुरुषांचे आणि स्त्रियांचे वजन, आणि वर ठळक अक्षरांत शीर्षक : 'आदर्श वजन'. शेजारी वजनकाटा. माणूस काट्यावर उभा राहतो, आकडा पाहतो, मग मान वर करून तक्ता पाहतो, आणि दोहोंतले अंतर मनात धरून घरी जातो. ते अंतर किती महिन्यांत काटायचे, याचा संकल्प बहुधा रस्त्यातच होतो, आणि मोडतोही तितक्याच लवकर.

हा तक्ता वजनाचे उद्दिष्ट ठरवण्याच्या कामी कितपत व्यवहार्य आहे, असा प्रश्न सहसा डॉक्टरांना विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो इतिहासाला विचारायचा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निवर्तले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. जुना कागद हाती आला की तो कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, केव्हा आणि कोणत्या हेतूने लिहिला, हे आधी पाहावे, ही शिस्त त्या परंपरेने आपल्याला दिली. वजनाचा तक्ता हाही एक कागदच आहे. त्याला हे चार प्रश्न विचारायला हरकत नसावी.

माणसाला तोलण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. शिवराज्याभिषेकाच्या वेळी १६७४ मध्ये रायगडावर तुलादान झाले. पण त्या तुलेत राजा किती भरला एवढेच पाहिले गेले. तो किती भरायला हवा होता, हे विचारण्याची कल्पनाही कुणाला शिवली नसेल. 'किती आहे' पासून 'किती असावे' पर्यंतचा प्रवास आधुनिक काळाचा आहे, आणि त्याचा आरंभ बेल्जियममध्ये होतो.

अडॉल्फ केतले हा मुळात खगोलशास्त्रज्ञ. एकाच ताऱ्याची अनेक निरीक्षणे घेतली की ती थोडीथोडी चुकतात, पण त्यांची सरासरी खऱ्या स्थानाच्या जवळ जाते, हे त्याला ठाऊक होते. हीच रीत त्याने माणसांना लावली. १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने 'सरासरी माणूस' ही संकल्पना मांडली. पुढे स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापेही त्याने याच नियमात बसवून दाखवली. प्रौढांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे निरीक्षणही त्याचेच. पण या रीतीत एक मेख होती. ताऱ्याचे स्थान एकच असते, म्हणून निरीक्षणांतला फरक ही चूक ठरते. माणसे मात्र खरोखरच निरनिराळी असतात. सरासरीला सत्य मानले की प्रत्येक खरा माणूस हा त्या सत्यापासून ढळलेली एक चूक ठरतो. लठ्ठपणा मोजणे हा केतलेचा हेतू नव्हता. तरीही दवाखान्यातल्या तक्त्यासमोर आपल्याला वाटणाऱ्या अपराधी भावनेचे बीज इथे आहे.

या बीजाला पाणी घातले विमा कंपन्यांनी. कोणत्या बांध्याचा विमेदार लवकर मरतो, हे कळणे त्यांच्या नफ्यातोट्याशी निगडित होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ कंपनीने १९४२ मध्ये स्त्रियांसाठी आणि १९४३ मध्ये पुरुषांसाठी 'आदर्श वजना'चे तक्ते काढले. १९५९ मध्ये नवे तक्ते आले, तेव्हा 'आदर्श' शब्द गळून 'इष्ट' झाला. १९८३ मध्ये तेही विशेषण गेले आणि उरले केवळ 'उंची व वजनाचे तक्ते'. आकडेही हलले. पाच फूट सहा इंच उंचीच्या मध्यम बांध्याच्या पुरुषाला १९५९ च्या तक्त्याने १३० ते १४३ पौंड दिले होते, १९८३ च्या तक्त्याने १३९ ते १५१ दिले. म्हणजे चोवीस वर्षे १४८ पौंडांचा जो गृहस्थ स्वतःला स्थूल समजत होता, तो रतिभरही न घटता एका सकाळी निर्दोष ठरला.

कागदाचे अंतरंगही पाहण्याजोगे आहे. हे आकडे विमा उतरवणाऱ्या अमेरिकनांचे, म्हणजे प्रामुख्याने गोऱ्या मध्यमवर्गाचे होते. वजन पॉलिसी घेताना एकदाच नोंदले जाई. पुढे त्या माणसाचे वजन किती वाढले वा घटले, याचा पत्ता नसे. १९८३ च्या तक्त्यात उंची इंचभर टाचेच्या बुटांसह आणि वजन कपड्यांसह धरले होते. कपड्यांसाठी पुरुषांना पाच आणि स्त्रियांना तीन पौंडांची सूट होती. १९५९ च्या तक्त्यात लहान, मध्यम आणि मोठा असे तीन बांधे होते, पण आपला बांधा कोणता हे ठरवायचे कसे, याचे माप दिलेले नव्हते. असा हा कागद. तो एका कंपनीने, तिच्या गिऱ्हाइकांवरून, तिच्या जोखमीसाठी लिहिला होता. साक्रीच्या शेतमजुराने किंवा रावेरच्या केळीबागेत घड वाहणाऱ्या बाईने त्यात आपले प्रतिबिंब शोधावे, असा त्याचा हेतूच नव्हता.

या तक्त्यांवर टीका करत अमेरिकन संशोधक अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये केतलेचे जुने सूत्र पुन्हा वर काढले : किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. त्याला त्यांनी बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, हे नाव दिले. त्यांचा अभ्यास पाच देशांतल्या सुमारे ७,४०० पुरुषांवर आधारलेला होता. त्यात स्त्रिया नव्हत्या आणि भारतही नव्हता.

आता आपल्या परिचयाची दोन माणसे या सूत्रात घालून पाहू. १९३९ मधल्या नोंदीनुसार महात्मा गांधींचे वजन ४६.७ किलो आणि उंची १६५ सेंटिमीटर होती. बीएमआय येतो १७.१, तक्त्याच्या भाषेत 'कमी वजन'. दुसरे विनोबा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत त्यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. १९३८ मध्ये याच विनोबांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे चाळीस किलोंवर आले होते. गांधींनी हवापालट करण्याचा आग्रह धरला आणि विनोबा पवनारला राहायला गेले. तक्ता या दोघांना एकाच रकान्यात बसवतो. पण विनोबांची ती अवस्था क्षीणतेची होती, तिच्याकडे लक्ष देणे भागच होते. गांधींचे वजन मात्र त्यांच्या नित्याच्या आहाराविहाराशी जुळलेले होते. आकडा दोन्हीकडे धोक्याची घंटा वाजवतो. घंटा ऐकून आत डोकवावे लागते, तेव्हाच फरक कळतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, तर मग हा परका तक्ता फाडूनच टाकावा. हा निष्कर्ष सोपा आहे, आणि म्हणूनच त्याला दुहेरी उत्तर द्यायला हवे.

पहिले उत्तर पुण्याहून येते. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोघांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बालकांविषयीही याज्ञिकांच्या गटाने हेच दाखवले होते : इंग्लंडमधल्या ३.५ किलोंच्या बाळांपुढे २.७ किलोंची ही बाळे किरकोळ, तरी चरबीच्या हिशेबात तितकी मागे नाहीत. म्हणजे तक्ता परका आहे तो आपल्याला सैल पडतो म्हणून. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी अतिवजनाची रेषा २५ वरून २३ वर आणली, आणि कमरेचा घेर पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा घातली. जळगावच्या पेढीवर दिवसभर बसणारा, सडपातळ म्हणवून घेणारा गृहस्थ जुन्या तक्त्यात बिनधोक असेल. त्याची कंबर निराळे सांगू शकते.

दुसरे उत्तर सातपुड्यात आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातले धडगाव आणि अक्कलकुवा हे तालुके कुपोषणाच्या बातम्यांतूनच उर्वरित महाराष्ट्राला ठाऊक झाले. तिथल्या अंगणवाडीत मुलाला काट्याला टांगून तोलतात आणि तक्त्यावर ठिपका देतात. 'ही मुले मुळातच लहान चणीची, त्यांना शहरी तक्ता कशाला?' हा युक्तिवाद सहानुभूतीचा वाटतो, पण त्याचा इतिहास तपासायला हवा. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवले की माणसाची अन्नाची गरज स्थिर नसते; सरासरी गरजेलाच सीमारेषा मानले तर कित्येक निरोगी माणसेही भुकेली मोजली जातील. मुद्दा सूक्ष्म होता. वि. म. दांडेकरांनी त्याला विरोध केला आणि वाद गाजला. पुढे १९८० च्या दशकात डेव्हिड सेक्लर या अर्थशास्त्रज्ञाने 'लहान पण निरोगी' अशी कल्पना मांडली, आणि आहारतज्ज्ञ सी. गोपालन यांनी तिच्यावर कडाडून टीका केली : खुजेपणाला निरोगी म्हणणे म्हणजे दारिद्र्याला प्रकृती म्हणणे.

या वादाला मोठे वळण २००६ मध्ये मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत, अंगावर दूध पिणारी आणि चांगल्या परिस्थितीत वाढणारी मुले निवडून नवी प्रमाणके प्रसिद्ध केली. पुरेसे अन्न, स्वच्छता आणि उपचार मिळाले तर पाच वर्षांपर्यंतची मुले सगळीकडे जवळपास सारखीच वाढतात, असे त्यातून दिसले. आधीचे तक्ते मुले कशी वाढतात ते सांगत. हा तक्ता मुलांना कसे वाढता यावे ते सांगतो. धडगावच्या पाड्यावर 'असावे' हा शब्द मुलाच्या आईला दोष देत नाही, तो शासनाला जाब विचारतो. तो तक्ता फाडला तर तिच्या हातातला पुरावा जाईल.

म्हणजे एकाच खानदेशात तक्त्याचे तीन अर्थ झाले. मजुराला तो लागू पडत नाही, पेढीवाल्याला तो सैल पडतो, आणि पाड्यावरच्या मुलाला तो हक्क मिळवून देतो. गोंधळ होतो तो सरासरी, प्रमाण आणि आदर्श हे तीन शब्द एकाच अर्थी वापरल्यामुळे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये आहाराच्या हिशेबासाठी धरलेला भारतीय पुरुष ६० वरून ६५ किलोंचा केला. वृत्तपत्रांनी ते 'भारतीयांचे आदर्श वजन वाढले' असे छापले. हिशेबासाठी धरलेला माणूस एका रात्रीत अनुकरणीय माणूस झाला.

मग उद्दिष्ट कशावरून ठरवावे? अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, २००२ मध्ये, प्रत्येकाला स्वतःच्या वजनाच्या सात टक्के घट एवढेच लक्ष्य दिले होते, तक्त्यातला आकडा नव्हे. आणि जीवनशैली बदलणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. २००६ मधला भारतीय अभ्यास याहून बोलका आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने आहार आणि चालणे यांवर भर दिला. वजनात लक्षणीय घट झाली नाही, तरीही मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी उतरला. काटा हलला नाही, पण आत काहीतरी हलले होते. तेव्हा प्रौढ माणसाने तक्ता इशारा म्हणून जरूर वाचावा. मुक्कामाचे ठिकाण मात्र स्वतःचे कालचे वजन, कंबर, रक्तातली साखर आणि रोजचे श्रम यांवरून ठरवावे.

शेवटी त्या शीर्षकाकडे परत येऊ. ज्यांनी हा शब्द चालवला, त्यांनी तो १९५९ मध्येच सोडला. आपण तो भिंतीवर ठेवला. पण संस्कृतात 'आदर्श' या शब्दाचा एक अर्थ आरसा असा आहे. त्या अर्थी घेतला तर शीर्षक बदलण्याचीही गरज नाही. आरशात आपण दुसऱ्याचा चेहरा शोधत नाही. आपलाच पाहतो, आणि काही खुपले तर कारण विचारतो.