वेरोनाचें रंगण

प्राचीन इमारती काळाच्या तडाख्यानें पडतात, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु रोमन क्रीडागृहांचा इतिहास पाहिला असतां, त्यांत काळापेक्षां मनुष्याच्या गरजेचाच हात अधिक दिसतो. रोमचें कलोसियम कित्येक शतकें दगडांची खाण होऊन राहिलें; त्याचे चिरे नव्या राजवाड्यांत जाऊन बसले. उलट, फ्रान्समधील आर्ल येथें क्रीडागृहाच्या पोटांतच मध्ययुगांत दोनशेंहून अधिक घरें वसलीं. जुन्या भिंतींचा तटासारखा उपयोग झाला, म्हणून त्या टिकल्या. एकोणिसाव्या शतकांत घरें हलविल्यावर मूळ इमारत मोकळी झाली, आणि तेथें आजहि बैलांचे खेळ होतात.

इटलींतील वेरोना शहराचें क्रीडागृह या दृष्टीनें विशेष मननीय आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत बांधलेल्या या लंबवर्तुळाची लांबी सुमारें १५२ मीटर व रुंदी १२३ मीटर आहे. १११७ सालच्या भूकंपांत त्याची बाहेरची भिंत ढासळली. तिच्या चार कमानी तेवढ्या एका बाजूस उभ्या आहेत. आंतल्या पायऱ्या मात्र नगरानें सोळाव्या शतकापासून वेळोवेळीं दुरुस्त केल्या, आणि म्हणून प्रवाशास आज त्यांवर बसतां येतें.

वेरोनाचे लोक या स्थळास 'अरेना' म्हणतात. लॅटिन भाषेंत या शब्दाचा मूळ अर्थ वाळू. ग्लॅडिएटरांचें व श्वापदांचें रक्त शोषून घेण्याकरितां रंगणांत वाळू पसरीत. पुढें तिचेंच नांव सबंध इमारतीस पडलें. क्रौर्य रोमन साम्राज्याबरोबर संपलें, असेंहि नाहीं. १२७८ सालीं पाखंडी ठरविलेल्या सुमारें दोनशें कॅथार पंथीयांना येथेंच जिवंत जाळण्यांत आलें.

१० ऑगस्ट १९१३ रोजीं या रंगणांत निराळाच प्रसंग घडला. संगीतकार व्हेर्दी याच्या जन्मशताब्दीनिमित्त, गायक जोव्हानी झेनातेल्लो याच्या पुढाकारानें, 'आयदा' या संगीत नाटकाचा प्रयोग झाला. महायुद्धांमुळें खंड पडला, तरी उन्हाळ्यांतील ही प्रथा चालू राहिली. अंधार पडतांना पायऱ्यांवरील प्रेक्षकांनीं लहान मेणबत्त्या पेटवाव्यात, अशी तेथें चाल पडली.

ज्या उतरत्या पायऱ्यांवरून हजारों लोकांनीं मरण पाहिलें, त्याच पायऱ्यांवर आज गाणें ऐकूं येतें. रचनेंत फरक झाला नाहीं. फरक झाला तो तेथें जमणाऱ्यांच्या इच्छेंत. म्हणून तेथें गाणें ऐकावयास बसणाऱ्यानें 'अरेना' शब्दांतील वाळूहि ओळखावी. त्यानें गाण्याची गोडी उणावत नाहीं. तें येथपर्यंत येण्यास किती शतकें लागलीं, हें मात्र कळतें.