भरवेलीची पाळी आणि केंटकीची गुहा

बालाघाटचा इतिहास सांगताना आपण मँगनीज मोजतो. ते काढणाऱ्यांची झोप मात्र कोणी मोजत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मध्यप्रांतात मँगनीजचा धंदा वाढला. पुढे भरवेलीची खाण जमिनीखाली गेली आणि 1962 मध्ये मॉयल स्थापन झाली. शेतकऱ्याची झोप उन्हाबरोबर चालते. आमच्या जैन घरात तर सूर्यास्तानंतर चूल पेटत नसे. खाणीत मात्र सूर्य नसतो, तिथे पाळी असते. पाळी बदलली की माणसाने आपली रात्रही बदलायची!

ती बदलता येते का? 1938 च्या जूनमध्ये शिकागो विद्यापीठाचे नॅथॅनियल क्लाइटमन आणि त्यांचा विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन केंटकीतल्या मॅमथ गुहेत उतरले. ते तिथे 32 दिवस राहिले. ऊन नाही, आणि तापमान सदा सारखेच, बारा अंशांच्या आसपास. त्यांनी आपला दिवस 28 तासांचा केला, म्हणजे आठवड्याचे दिवस झाले सहा. तरुण रिचर्डसनच्या शरीराचे तापमान नव्या दिवसाप्रमाणे चढू-उतरू लागले. त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमनचे मात्र 24 तासांना चिकटून राहिले. पुढे 1953 मध्ये त्यांचे आणि असेरिन्स्कींचे नाव झोपेतल्या डोळ्यांच्या हालचालींमुळे गाजले, पण मला ही गुहाच अधिक मोलाची वाटते.

कारण सापडायला 1972 उजाडले. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचे दोन इवलेसे पुंजके आहेत. उंदरांमध्ये ते नष्ट केल्यावर दिवस-रात्रीचा क्रमच विस्कटला. या पुंजक्यांना डोळ्यांकडून उजेडाची खबर मिळते. अंधार पडला की मेलाटोनिन स्रवते, उजेडात थांबते. रात्रपाळीचा माणूस सकाळच्या उन्हातून घरी येतो तेव्हा शरीराच्या लेखी दिवस सुरू झालेला असतो. कितीही थकवा असो, झोप लवकर मोडते.

मी हे फार उशिरा शिकलो. दवाखान्याच्या सुरुवातीच्या वर्षांत पाळीवर जाणारे एक गृहस्थ झोपेची तक्रार घेऊन येत. मी स्वभाव विचारला, तहान विचारली, स्वप्नेसुद्धा विचारली. झोपता कधी, एवढेच विचारले नाही. कॉफिया दिले, नक्स व्होमिका दिले. असे सहा महिने गेले. शेवटी त्यांच्या पत्नीच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हे रजेवर गावी गेले की चौथ्या दिवसापासून घोरतात."

(घोरताना श्वास अडण्याचा विकार निराळा. त्यावर पुन्हा कधीतरी.)

मी गोळ्या थांबवल्या. खिडकीला जाड गोधडी लावा, परतताना काळा चष्मा घाला, पाळीच्या उत्तरार्धात चहा नको, एवढेच सांगितले. साडेतीन तासांची झोप पाचांवर आली. सातांवर ती निवृत्तीनंतरच गेली.